पौषातली सही

आमची सगळी फॅक्टरी ज्यांना ‘कप्तान’ म्हणायची, त्यांना बोट लागायची. हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि तेही एखादी खानदानी तक्रार सांगावी तशा गंभीरपणे. मुंबईच्या बंदरावर, खलाशांच्या भरतीच्या कचेरीत त्यांनी सारी हयात काढली होती. बोट धक्क्याला लागली की शिडीवरून वर जायचं. खलाशी झोपतात कुठं, खातात काय, पितात कसलं पाणी, आजारी पडले तर त्यांना निजवतात कुठं, हे बघायचं. सगळं नियमात असेल तर दाखल्यावर सही करायची, नसेल तर कप्तानाशी भांडायचं. देशोदेशीच्या बोटी त्यांनी अशा पालथ्या घातल्या, पण त्यांना घेऊन एकही बोट कधी समुद्रात गेली नाही. एकदा घारापुरीची लेणी बघायला म्हणून लाँचमध्ये बसले, तेवढ्यातच त्यांचा निकाल लागला. लेणी कशी आहेत असं मी विचारलं, तर म्हणाले, “तिथली जमीन छान आहे हो. घट्ट.”

पुढं कामगार त्यांना कप्तान म्हणू लागले तेव्हा ते मनापासून खवळायचे. “मी कप्तान नव्हे. कप्तानाच्या पोटात गोळा आणणारा माणूस मी!” पण नाव एकदा चिकटलं ते चिकटलं.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. पिंपरीच्या माळावर ज्वारीच्या रानातनं नुकत्याच कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहत होत्या. आमची कंपनी त्यातलीच एक. यंत्रांचे सुटे भाग करायची आणि करण्यापेक्षा मोडायची जास्त. मी तिथं लेबर ऑफिसात कारकून होतो. एवढ्या मोठ्या कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असं सरकारनं म्हटल्यावर आमच्या मॅनेजरसाहेबांनी हुशारी केली. तरणाताठा, शिकून आलेला माणूस घेतला तर तो काहीतरी कल्याण करून बसेल. त्यापेक्षा मुंबईचा एखादा पेन्शनर घ्यावा, दम्याचा असला तर उत्तमच. खुर्चीतनं उठणार नाही, दाखवलेल्या जागी सही करेल. डॉक्टरनं कोरड्या हवेत राहायला सांगितलेले हे विधुर गृहस्थ आयतेच गळाला लागले. करार वर्षाचा. जूनअखेर मुदत संपणार, मग मर्जी असेल तर वाढवणार.

मासा गळाला लागला नव्हता, गळच माशाला लागला होता, हे साहेबांना कळायला आठवडाही लागला नाही.

रुजू झाल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझं टेबल उचलून बाहेर लिंबाच्या झाडाखाली नेलं. नव्या भरतीचा दिवस होता. आतापर्यंतची आमची पद्धत सोपी होती: नाव विचारायचं, अंगठा धरायचा, शाईत बुडवायचा, टेकवायचा. माणूस दारातनं आत आला की कंपनीचा. कप्तानांनी ती पद्धत मोडली. बंदरावरचा रिवाज असा, की खलाशानं बोटीच्या करारावर सही करण्याआधी सरकारी माणसानं तो करार त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि त्याला कळल्याची खात्री करायची. ते लिंबाखाली बसून प्रत्येक माणसाला करार वाचून दाखवायचे. पाळी किती तासांची, सुट्टी कधी, काम सुटलं तर काय. आणि वाचून झालं की चष्म्यावरून बघत विचारायचे, “आता काय कळलं, ते तुमच्या तोंडानं सांगा.”

माणसं घाबरून जायची. गावाकडच्या माणसाला कंपनीत कुणी ‘तुम्ही’ म्हणणं हेच मुळात संशयास्पद. एक म्हातारा म्हणाला, “न्हाई कळलं, पर अंगठा कुटं द्यू?” कप्तानांनी त्याला शेजारी बसवून परत वाचलं, परत विचारलं. त्या दिवशी भरती दिवेलागणीपर्यंत चालली. मॅनेजरसाहेब खिडकीतून दोनदा बघून गेले.

“हे कुणी ठरवलंय?” त्यांनी तिसऱ्यांदा येऊन विचारलं.

“जिनिव्हाला ठरलंय,” कप्तान म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. जगभरची सरकारं, बोटींचे मालक आणि खलाशांचे पुढारी जिनिव्हा नावाच्या शहरातल्या एका संस्थेच्या पुढाकारानं एकत्र बसतात आणि खलाशांना कसं वागवायचं याचे नियम करतात, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, “पण साहेब, ते बोटींचं. इथं समुद्र कुठाय? पवना नदी तर मे महिन्यात म्हशीच्या गुडघ्याला लागत नाही.”

“जिनिव्हाला तरी कुठाय समुद्र?” ते खुशीत म्हणाले. “अहो, कारखाना म्हणजे न हलणारी बोट. उलट जास्तच वाईट. बोट निदान कुठंतरी पोचते.”

मग आम्ही सगळेच त्यांच्या न हलणाऱ्या बोटीवरचे खलाशी झालो. बोटीवर स्वयंपाक्याला परीक्षा देऊन दाखला मिळवावा लागतो, असा नियम. तेव्हा आमच्या कँटीनचा आचारी, जो मॅनेजरला सुद्धा ‘आमटी संपली’ असं तोंडावर सांगायचा, त्याची परीक्षा झाली. परीक्षक तीन: कप्तान, मी आणि मालधक्क्यावरचा एक हमाल. आचारी आधी रागानं थरथरत होता, मग भीतीनं. हमालानं पिठल्याचा घास घेतला, डोळे मिटले आणि तो तोंडातल्या तोंडात घोळवत राहिला. आचाऱ्याचं तोंड बघवेना. शेवटी हमाल म्हणाला, “मीठ बेतानं हाय. पास करा.” कप्तानांनी आपल्या हातानं लिहिलेला दाखला आचाऱ्यानं चौकटीत घालून गणपतीच्या तसबिरीशेजारी लावला. रोज दोघांनाही उदबत्ती ओवाळायचा. गंमत म्हणजे त्या दिवसापासून आमटी खरंच सुधारली.

दर शनिवारी ते कँटीनची तपासणी करायचे. आधी पाणी प्यायचे, मग सगळ्यात शेवटी जेवायला येणाऱ्या माणसाच्या ताटातलं चाखायचे. “पहिल्या पंगतीचं जेवण सगळीकडं चांगलंच असतं,” म्हणायचे. “बोट कशी आहे ते शेवटच्या ताटात कळतं.”

आणि त्यांचा सगळ्यात लाडका नियम होता तो घरी पोचवण्याचा. खलाशाचं काम परमुलखात सुटलं, तर त्याला जिथून उचललं तिथं मालकानं आपल्या खर्चानं पोचवायचं, आणि तो आजारी असेल तर सोबत माणूस द्यायचा. परळी वैजनाथकडचा एक पोरगेलासा कामगार कावीळ होऊन पडला, तेव्हा कंपनीनं त्याचा हिशेब करून त्याला गेटाबाहेर ठेवला होता. कप्तान त्याच्या वळकटीवर जाऊन बसले. ऊन चढलं तरी उठेनात. शेवटी कंपनीला तिकीटही काढावं लागलं आणि सोबत एक वॉचमनही द्यावा लागला. परत आलेला वॉचमन महिनाभर सांगत होता, की त्या पोराच्या आईनं आपल्या पायांवर पाणी घातलं. वॉचमनच्या पायांवर जन्मात कुणी पाणी घातलं नव्हतं.

मी हे सगळं गमतीनं सांगतोय, पण त्या माणसाबद्दल माझ्या मनात किती माया होती हे आता लपवण्यात अर्थ नाही. ते होते तेवढे दिवस मला ऑफिसात जायला आवडायचं. कारकुनाच्या आयुष्यात हे फार वेळा होत नाही.

आता धोंडिबाची गोष्ट सांगतो.

धोंडिबा चाकणच्या अलीकडच्या एका खेड्यातला. घरी कांदा-बटाट्याची शेती, थोरला भाऊ बघायचा. हा घरातला कंपनीत गेलेला पहिला माणूस. रोज गावाहून येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून कंपनीनं मागच्या माळावर बांधलेल्या पत्र्याच्या बराकीत राहायचा आणि सुट्टीला आळंदीवरून पायी घरी जायचा. ज्येष्ठात त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांनी आधी एक स्थळ मोडून हे धरलं होतं, ते केवळ नवरामुलगा कंपनीत आहे म्हणून.

वैशाखात एके दिवशी सकाळी फोरमननं त्याला साहेबांच्या खोलीत आमच्यासमोर आणून उभा केला. रातपाळीला मशीन चालू ठेवून बसल्या जागी झोपला होता. दुसऱ्यांदा. मशीनचं पातं मोडलं होतं, हात थोडक्यात वाचला होता. मॅनेजरसाहेबांनी बडतर्फीचा कागद तयारच ठेवला होता. कामगार कल्याण अधिकाऱ्याचा अभिप्राय पडला की धोंडिबा घरी.

“झोपला होता का?” साहेबांनी विचारलं.

“व्हय सायेब,” धोंडिबा म्हणाला. त्याला खोटं बोलायचं सुचलंच नाही. मग कप्तानांकडं वळून म्हणाला, “सायेब, कायबी करा, पर झोपला म्हून हाकलला असं लिवू नका. गावात तोंड कुटं दावू? पोरगीवाले काय म्हंतील? झोपाळू म्हंत्याल.”

“लग्न मोडेल?” कप्तानांनी विचारलं.

धोंडिबानं नुसती मान हलवली.

“दिवसा झोपत नाही का तुम्ही?”

“कुटं झोपू?”

कप्तानांनी कागद बाजूला सारला. “बंदरावर खलाशाची तक्रार आली की आम्ही आधी त्याची झोपायची जागा बघायचो,” ते साहेबांना म्हणाले. “ती बघितल्याशिवाय अभिप्राय देता येणार नाही.”

साहेब हसले. खरंच मोकळेपणानं हसले. “ती जागा तुम्हीच बघितलीय की! पाहणी तुमची, दाखला तुमचा.” आणि मागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं चौकटीत घालून लावलेला होता तो दाखला. बराकी राहण्यास योग्य, हवेशीर, नियमानुसार. खाली कप्तानांची सही. आल्यागेल्या पाहुण्याला साहेब तो कौतुकानं दाखवायचे.

पौष महिन्यात ती पाहणी झाली होती. मीही बरोबर होतो. सकाळची कोवळी उन्हं, बराकी झाडून काढलेल्या, खाटा ओळीनं मांडलेल्या, खिडकीतनं गार वारा. कप्तानांनी खाटांमधलं अंतर मोजलं, खिडक्या उघडून पाहिल्या, पाणी प्यायले आणि सही केली.

त्या सहीकडं ते बघत राहिले. मग म्हणाले, “आज दुपारी मी तिथं झोपणार आहे. तुम्हीही चला.”

“झोपायला?” साहेब म्हणाले.

“रातपाळीचा माणूस दुपारीच झोपतो.”

साहेब आले, ते बहुतेक गंमत बघायला. ऐन दुपारी आम्ही तिघं त्या माळावरून निघालो तेव्हा बराकींपाशी पहिल्यांदा दिसली ती रातपाळीची माणसं. तिथल्या एका लिंबाच्या अपुऱ्या सावलीत गुडघ्यांत मान घालून पेंगत होती, सावली सरकेल तशी सरकत होती. आम्ही त्यांना रोजच असं बघायचो. मला वाटायचं, आळशी आहेत, गप्पा मारत बसतात.

आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. पत्रा तापून कडकड वाजत होता. कप्तानांनी कोट काढला, घडी करून उशाला घेतला आणि धोंडिबाच्या खाटेवर आडवे झाले. शेजारच्या खाटेवर साहेब टेकले, लोखंडाला हात लागला तसे उठले, परत टेकले. त्याच बराकीत दुसऱ्या पाळीची माणसं अंघोळी करून, बादल्या आपटत कामावर निघायच्या गडबडीत. एकजण चुलीवर कालवणाला फोडणी देत होता. दुसरा पत्र्याच्या पेटीचं कुलूप तोडत होता, कारण किल्ली भावानं गावाला नेली होती. हातोडीचा प्रत्येक घाव डोक्यात बसत होता.

साहेबांचा सदरा बघता बघता भिजला. “पुरे झालं,” ते म्हणाले आणि रुमालानं मान पुसत बाहेर गेले. मीही थोड्या वेळानं दाराशी येऊन उभा राहिलो, खोटं कशाला सांगू. कप्तान मात्र उठले नाहीत. त्यांचा श्वास मला दारापर्यंत ऐकू येत होता, शिट्टी वाजल्यासारखा. पाळी बदलायचा भोंगा होईपर्यंत ते तिथंच डोळे मिटून पडून होते, आणि झोप त्यांना एक क्षणभरही लागली नव्हती.

बाहेर आले ते धोंडिबाच्या खांद्यावर हात टाकून. धोंडिबा टोपीनं त्यांना वारा घालत होता आणि रडकुंडीला आला होता. “सायेब, माज्यापायी जीव देता का काय? जाऊ द्या माजी नोकरी.”

“तुमच्यापायी नव्हे,” कप्तान दम घेत म्हणाले. “सही माझी आहे.”

मग लिंबाखाली बसून ते माझ्याशी बोलले, ते मी विसरलेलो नाही. “अहो, बोटीवर नियम आहे. एका पाळीच्या माणसांच्या खोलीत दुसऱ्या पाळीची माणसं घालायची नाहीत. का, ते मला आज कळलं. छत असं हवं की उन्हाचा ताप आत येता कामा नये. तोही नियम मला पाठ. पण मी आयुष्यभर बोट बघितली ती बंदराला लागलेली. खलाशी धक्क्यावर उतरलेले, खाटा रिकाम्या, इंजिन बंद. तांबड्या समुद्रात भर दुपारी बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा आगवाला पाळी संपवून येतो तेव्हा तिथं काय असतं, मी कधी गेलोच नाही बघायला. किती बोटींना सह्या दिल्या असतील मी!”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना पाणी आणून दिलं.

तासाभरानं ते साहेबांच्या खोलीत शिरले, खुर्चीवर चढून भिंतीवरची चौकट काढली, मागचे खिळे उचकटून दाखला बाहेर घेतला आणि माझ्याकडून टाक मागून घेतला. ‘राहण्यास योग्य’ या शब्दांपुढं त्यांनी लिहिलं: ‘फक्त पौषात, फक्त सकाळी.’ खाली पुन्हा सही केली. मग चौकट परत होती तशी भिंतीवर लावली.

साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. “असं दिलेला दाखला फिरवता येत नाही.”

“चुकीचा दिलेला फिरवावाच लागतो. आता धोंडिबाच्या कागदावर माझा अभिप्राय लिहितो: अपराध, झोप. कारण, माझी सही. हा कागद सरकारी लेबर ऑफिसरकडं जाईल, ते बराकींचा दाखला मागतील. तो भिंतीवर आहेच.”

साहेबांनी उठून चौकटीतली नवी ओळ वाचली. मग शांतपणे म्हणाले, “तुमचा करार जूनअखेर संपतोय. लक्षात आहे ना?”

“आहे,” कप्तान म्हणाले. “तो मी वाचून, समजून घेतला होता.”

धोंडिबाच्या बडतर्फीचा कागद साहेबांनी माझ्यासमोर फाडला. ताकीद देऊन सोडलं. बराकींचं काम निघालं. आतून बांबूच्या तट्ट्यांचं छत करून ते शेणामातीनं लिंपावं आणि पत्र्यावर चुना मारावा, ही युक्ती धोंडिबाचीच. त्यांच्या गावात गुरांच्या गोठ्यालासुद्धा तसंच करतात म्हणे. प्रत्येक पाळीची बराक वेगळी झाली. ज्येष्ठात धोंडिबाचं लग्न वाजतगाजत लागलं. कप्तान लग्नाला गेले, पंगतीत मुद्दाम शेवटच्या पानावर बसले आणि जेवण नियमानुसार आहे असं त्यांनी वधूपित्याला सांगितलं.

आणि जूनअखेर कंपनीचं पत्र आलं. मुदत वाढवण्याचा विचार नाही, केलेल्या सेवेबद्दल आभार, पोच म्हणून खाली सही करावी.

पत्र मलाच न्यावं लागलं. ते लिंबाखाली नव्या माणसांचे करार वाचायला बसत होते. रातपाळी नुकतीच सुटली होती. कुणी तरी आधीच बातमी फोडली असावी, कारण माणसं बराकींकडं न जाता झाडाभोवती जमली. कप्तानांनी पत्रावर नजर टाकली, खिशातून पेन काढलं. तेवढ्यात धोंडिबा पुढं झाला. हळद अजून नखांत होती.

“सायेब, आदी वाचून दावा,” तो म्हणाला. “मंग काय कळलं, त्ये तुमच्या तोंडानं सांगा. न्हाईतर आमी सही करू द्यायचो न्हाई.”

कप्तानांनी पेन परत खिशात ठेवलं. मग त्यांनी खरोखर खुर्चीवर बसून ते इंग्रजी पत्र सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं, आभारासकट. वाचून झाल्यावर चष्मा काढून पुसला.

“कळलं ते एवढंच,” ते म्हणाले, “की मी आता मोकळा झालो, आणि जिथून उचललं तिथं मला पोचवायचंय.” त्यांनी सही केली.

मुदत संपणार हे ओळखून त्यांनी सकाळीच आणून ठेवलेली ट्रंक धोंडिबानं उचलली. “म्या येतो ममईपातुर. दम्याचं मानूस एकटं सोडायचं न्हाई, तुमचाच नेम हाय.”

“ठेवा ती खाली,” कप्तान जोरात म्हणाले. मी त्यांना कुणा कामगारावर आवाज चढवताना तेव्हाच काय ते ऐकलं. “रातपाळी करून आलायत तुम्ही. ही तुमची झोपायची वेळ आहे. जा. सगळे जा.”

माणसं हलेनात. मग एकेक पाया पडून गेली. धोंडिबा सगळ्यांत शेवटी.

सोबतीला मी जावं, असं ठरलं. आमचा टांगा दुपारी चिंचवड स्टेशनाकडं निघाला. बराकींजवळ आल्यावर कप्तानांनी टांगेवाल्याला थांबायला सांगितलं. खाली उतरून घोड्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ त्याला हातात गच्च धरायला लावली. चुन्यानं पांढऱ्याफेक पडलेल्या पत्र्यांवर ऊन रणरणत होतं. तिथल्या लिंबाखाली कुणीही नव्हतं. ते एका बराकीच्या खिडकीजवळ जाऊन कान देऊन उभे राहिले, आणि मला खुणेनं बोलावलं.

आत माणसं घोरत होती. एकजण तर असा, की तट्ट्या हलाव्यात.

“धोंडिबा,” कप्तान कुजबुजले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मग ते चवड्यांवर चालत टांग्यापर्यंत आले, आवाज न करता चढून बसले, आणि शेवटची बराक मागं पडेपर्यंत त्यांनी घोड्याबरोबर पायी चालणाऱ्या टांगेवाल्याला ती घुंगुरमाळ सोडू दिली नाही.